यादवीतलं मुसळ कुठून येतं: बंडखोरांच्या बातम्या वाचायची माझी वही

२७ जानेवारी २०२४, शनिवार. सकाळी दूध तापत ठेवलं, टीव्ही लावला, तर एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' नावाची बोट पेटल्याची बातमी चालू होती. नाफ्ता भरलेला टँकर, येमेनच्या हुतींनी सोडलेलं क्षेपणास्त्र आणि बोटीवर २२ भारतीय. माझा धाकटा त्या बोटीवर नव्हता. पण तोही टँकरवरच आहे, सेकंड इंजिनिअर, आणि त्याची बोट तेव्हा भूमध्य समुद्रातून सुएझकडे निघाली होती. आपल्या नौदलाची 'आयएनएस विशाखापट्टणम' मदतीला गेली, आग विझली, माणसं वाचली. दूध उतू गेलेलं मला वासावरून कळलं.

पुढचे तीन दिवस त्याच्या कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसात फोन लावत होते. "सगळं व्यवस्थित आहे मॅडम" याच्यापुढे कुणी काही बोलेना. लालबागच्या आमच्या चाळीत चार घरांतली मुलं बोटीवर आहेत. संध्याकाळी गॅलरीत त्या चौघी आयांचे प्रश्न एकच: हे हुती म्हणजे नक्की कोण? इराणचे सैनिक का? मग इराणने थांब म्हटलं तर थांबतील का? मी ३४ वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि मला यातल्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही. त्याच रात्री दोनशे पानी वही काढली. आज तिच्यात येमेन आहे, काँगो आहे, अंगोला आहे, श्रीलंका आहे. परक्या देशाच्या बळावर लढणाऱ्या बंडखोरांची बातमी कशी वाचायची, याची माझी जी रीत बसली ती इथे सांगते. ज्यांचं कुणी बोटीवर, आखातात किंवा शांतिसेनेत आहे त्यांना उपयोगी पडेल.

आधी नकाशा, नावं नंतर

बातमी नावांनी सुरू होते आणि आपण तिथेच अडकतो. हुती, हौथी, अन्सार अल्लाह. तिन्ही नावं एकाच गटाची. म्हणून नावं बाजूला ठेवा. अ‍ॅटलास उघडा, त्या देशावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि पेन्सिलने फक्त चार गोष्टी उतरवून घ्या: डोंगर, बंदरं, राजधानी आणि शेजाऱ्यांच्या सीमा. मोबाइलवरचा नकाशा बोटाने मोठा करून हे लक्षात राहत नाही, हाताने काढलं की राहतं. मुलांना शिकवताना हे वर्षानुवर्षं पाहिलंय.

येमेन काढलात की निम्मी गोष्ट कागदावरच दिसते. उत्तरेला सादा हा डोंगराळ मुलूख, सौदीच्या सीमेला लागून. हुती मूळचे तिथले. तिथून खाली सना ही राजधानी, तीही डोंगरातच. पश्चिमेला तांबड्या समुद्रावर होदेदा बंदर. आणि अगदी खाली, कोपऱ्यात, बाब अल-मंदेब. अरबीत त्याचा अर्थ अश्रूंचा दरवाजा. सगळ्यात अरुंद जागी तो साधारण ३० किलोमीटर आहे. सीएसएमटीहून लोकलने ठाण्याला जाऊ त्यापेक्षाही कमी. ज्याच्या हातात डोंगर आणि होदेदाचा किनारा, त्याला समुद्रातली बोट गाठायला नौदल लागत नाही. हे मला माझ्या ट्रेसिंग पेपरने सांगितलं.

जन्म कधी, कुणाच्या घरात

वहीतला पहिला रकाना जन्माचा. गट आधी जन्मला आणि परका पैसा नंतर आला, की परक्यानेच त्याला जन्माला घातलं? हा एक प्रश्न सोडवायला मला दोन महिने लागले, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

हुतींचं नाव हुसेन बद्रुद्दीन अल-हुती या माणसावरून पडलं. ते झैदी या शिया मुस्लिम पंथाचे. येमेनच्या उत्तरेत या पंथाच्या इमामांनी शतकानुशतकं राज्य केलं, १९६२ मध्ये ती सत्ता गेली आणि सादा भाग मागे पडत गेला. १९९० च्या दशकात तरुणांची धार्मिक शिबिरं, त्यातून राजकारण, त्यातून अध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह यांच्याशी वैर. सप्टेंबर २००४ मध्ये सरकारी फौजेने हुसेनना मारलं. २०१० पर्यंत त्या डोंगरात सहा लढाया झाल्या. २१ सप्टेंबर २०१४ ला हुतींनी सना घेतलं, तेही कुणाच्या मदतीने? ज्यांच्याशी सहा लढाया केल्या त्याच, आता पदावर नसलेल्या सालेह यांच्या! मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाने मित्रदेशांना घेऊन हुतींवर हवाई हल्ले सुरू केले. आणि ४ डिसेंबर २०१७ ला हुतींनी सालेह यांनाच ठार केलं.

म्हणजे मूळ भांडण घरचं. इराणची मदत त्यावर चढत गेली. म्हणून शेजारच्या वहिनींनी विचारलं, "बाई, इराणने थांब म्हटलं तर थांबतील ना हो?" तेव्हा मी म्हटलं, हत्यारं कमी होतील, पण सादातला राग इराणच्या हुकमाने जाणार नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण मोझांबिकच्या रेनामोचं. १९७० च्या दशकात शेजारच्या ऱ्होडेशियातल्या गोऱ्या सरकारच्या गुप्तहेर खात्याने हा गट उभा केला. १९८० मध्ये ऱ्होडेशियाचं झिंबाब्वे झालं, तेव्हा गट दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात गेला, एखादी गाडी दुसऱ्याच्या नावावर करावी तसा. इथे तर परक्यानेच जन्म दिला. मी वहीत ठळक अक्षरांत 'बाहुलं' असं लिहून टाकलं होतं. पण पुढे वाचलं तर ऑक्टोबर १९९२ मध्ये रोममध्ये तह झाला, १९९४ मध्ये निवडणूक झाली आणि रेनामोला २५० पैकी ११२ जागा मिळाल्या. परक्याच्या कचेरीत जन्मलेल्या गटानेही मधल्या वर्षांत, सरकारवर रागावलेल्या लोकांत मुळं धरली होती. तो शब्द मी खोडला. तेव्हापासून जन्माचा रकाना शाईने भरते आणि 'आज कसा आहे' हा पेन्सिलने.

मुसळाचा रकाना

आपल्या भाषेत या युद्धाला यादवी म्हणतात. लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवा. सांबाच्या पोटातून निघालेलं मुसळ यादवांनी कुटून समुद्रात टाकलं, त्याचा चुरा प्रभासच्या किनाऱ्याला लागला, त्याची लव्हाळी उगवली आणि शेवटी तीच उपटून त्यांनी एकमेकांना मारलं. भांडण घरचं, पण हत्यार समुद्राकडून आलं. म्हणून या रकान्याला मी नावच 'मुसळ' दिलंय. गटाच्या हातात काय आहे आणि ते कुठल्या वाटेने आलं, एवढंच इथे लिहायचं.

वर्तमानपत्रात 'इराण पुरस्कृत' असा एकच शब्द येतो. तो सोलून बघायचा. मदतीच्या पायऱ्या असतात. पहिली, आसरा: सीमेपलीकडे तळ टाकू देणं. आपल्या मिझोरामच्या मिझो नॅशनल फ्रंटने १९६६ मध्ये उठाव केला तेव्हा त्यांचे तळ पूर्व पाकिस्तानात होते. १९७१ मध्ये बांगलादेश झाला आणि ते तळ गेले. दुसरी पायरी पैसा. तिसरी हत्यारं, चौथी ती चालवायचं शिक्षण. आणि शेवटची म्हणजे स्वतःचे सैनिक. बातमीत ज्या पायरीचा पुरावा दिलाय तीच वहीत लिहायची, त्याच्या वरची नाही.

हुतींच्या रकान्यात माझ्याकडे दोन नोंदी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१८ च्या अहवालात म्हटलं, की येमेनमध्ये सापडलेली क्षेपणास्त्रं इराणी बनावटीची आहेत आणि ती तिकडे जाऊ न देण्याची जबाबदारी इराणने पाळली नाही. दुसरी ११ जानेवारी २०२४ ची: सोमालियाच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी नौदलाने एक लाकडी गलबत अडवलं, त्यात इराणी क्षेपणास्त्रांचे भाग निघाले. त्या कारवाईत त्यांचे दोन जवान समुद्रात बुडाले. ही नोंद वाचून धाकटा फोनवर म्हणाला, "आई, अशी गलबतं आम्हाला रोज दिसतात. मासेवाली कुठली आणि ही कुठली, लांबून काय कळणार?" वाट कळली की ती बंद करणं किती अवघड आहे तेही कळतं.

शेवटच्या पायरीचं उदाहरण काँगोचं. एम-२३ हा गट पूर्व काँगोतला, नाव २३ मार्च २००९ च्या कराराच्या तारखेवरून. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी गोमा शहर घेतलं, फेब्रुवारीत बुकावू. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्येच लिहिलं होतं, की रवांडाचे ३,००० ते ४,००० सैनिक त्यांच्या बाजूने काँगोत आहेत. रवांडा हे नाकारतो. वहीत दोन्ही लिहायचं, शेजारी शेजारी. गोम्यात तेव्हा आपले भारतीय शांतिसैनिकही होते, म्हणून हे पान मी मनापासून भरलं.

मदत दिली म्हणजे मालकी आली का? यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा एक निकाल आहे, २७ जून १९८६ चा, निकाराग्वा विरुद्ध अमेरिका. कॉन्ट्रा बंडखोरांना हत्यारं आणि प्रशिक्षण देऊन अमेरिकेने आंतरराष्ट्रीय कायदा मोडला, असं न्यायालय म्हणालं. पण कॉन्ट्रांनी केलेलं प्रत्येक कृत्य अमेरिकेचं मानायचं, तर त्या कृत्यांवर तिचा प्रत्यक्ष ताबा होता हे सिद्ध व्हायला हवं, असंही म्हणालं. हत्यार देणं वेगळं आणि हात धरून चालवणं वेगळं. 'पुरस्कृत' हा शब्द दिसला की मी हा निकाल आठवते.

किंमत कोण देतो

हे समजायला मुंबईकराने लांब जायची गरज नाही. राघोबादादांना पेशवाई हवी होती. पुण्यात बारभाईंनी वाट अडवली, तेव्हा ते इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला: इंग्रजांनी २,५०० सैनिक द्यायचे आणि राघोबांनी साष्टी आणि वसई. साष्टी म्हणजे आजचं वांद्र्यापासून वरचं उपनगर, ठाण्यापर्यंत. (ठाणं तर इंग्रजांनी आदल्या डिसेंबरातच घेऊन ठेवलं होतं. मदत मागायला येणाऱ्याची गरज ओळखून आधीच हात मारायचा, हेही तेव्हापासूनचंच.) सात वर्षं युद्ध चाललं. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी राघोबांची बाजू सोडली, त्यांना नेमणूक बांधून दिली आणि साष्टी मात्र ठेवून घेतली. अंधेरीला, मालाडला लोकलमधून उतरताना मला हे कधी कधी आठवतं. आपण त्या मदतीच्या किमतीवर उभे आहोत.

तेव्हा प्रत्येक पानावर लिहा: मदत देणाऱ्याला काय हवंय? जमीन, बंदर, खाण, शेजाऱ्याला त्रास, की वाटाघाटीत वापरायचं एक प्यादं? आणि बंडखोराला काय हवंय? ही दोन उत्तरं एक असतील तर युती टिकते. वेगळी असतील तर कधीतरी सालबाई होते.

सरकारच्या बाजूलाही हाच रकाना लावायचा, नाहीतर वही एकांगी होते. येमेनमध्ये मान्यताप्राप्त सरकारमागे सौदी होता, आणि त्याच आघाडीतल्या अमिरातींनी दक्षिणेतल्या फुटीरांना बळ दिलं. ऑगस्ट २०१९ मध्ये त्या फुटीरांनी एडन शहर सरकारकडूनच घेतलं. एका बाजूचे म्हणवणारे दोघे पाठीराखे, आणि त्यांची माणसं एकमेकांवर गोळ्या झाडतायत.

हात आखडला की काय होतं

कधी गट खरंच कोसळतो. एम-२३ ने नोव्हेंबर २०१२ मध्येही गोमा घेतलं होतं. पण युरोप-अमेरिकेने रवांडाला द्यायची मदत थांबवली, संयुक्त राष्ट्रांनी लढाईचा अधिकार असलेलं पथक पाठवलं, आणि वर्षभरात गट संपला. संपला असं सगळ्यांनी लिहिलं. २०२१ च्या शेवटी तो परत उभा राहिला.

कधी गट दुसरी चूल मांडतो. अंगोलात जोनास साविंबी यांच्या युनिटा या बंडखोर गटाला अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका पोसत होत्या, सरकारमागे सोव्हिएत संघ आणि क्युबाचे सैनिक. शीतयुद्ध संपलं, दोन्हीकडचा हात आखडला, पण लढाई थांबली नाही. युनिटाने हिरे विकून लढाई चालवली, सरकारने तेल विकून. २२ फेब्रुवारी २००२ ला साविंबी मारले गेले आणि ४ एप्रिलला शस्त्रसंधी झाली. पाठीराखे गेल्यावरही सामान्य माणसाने दहा वर्षं भोगलं. त्यामुळे 'अमक्या देशाने मदत बंद केली' ही बातमी आली, की मी लगेच शोधते: यांच्याकडे विकण्यासारखं काय आहे? जकात कुठल्या बंदरावर, कुठल्या नाक्यावर गोळा करतात?

आपलंही पान ठेवा

१९७१ मध्ये मी दहा वर्षांची होते. खिडक्यांना काळा कागद लावून आम्ही ब्लॅकआउटमध्ये बसायचो, आणि मुक्तिवाहिनीला आपण मदत केली याचा सगळ्या चाळीला अभिमान होता. मला तो आजही आहे. पण वहीत त्याच्या समोरच्या पानावर श्रीलंका आहे. १९८० च्या दशकात तमिळ गटांना आपल्या देशात प्रशिक्षण आणि हत्यारं मिळाली. २९ जुलै १९८७ ला करार झाला, आपली शांतिसेना तिकडे गेली आणि ऑक्टोबरपासून तिला 'तमिळ वाघ' म्हणवणाऱ्या गटाशीच (एलटीटीई) लढावं लागलं. मार्च १९९० पर्यंत आपले सुमारे १,२०० जवान मारले गेले. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूर, वाघांच्या हातून राजीव गांधींची हत्या. सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी वर्गातला फळा मी कोरा ठेवला होता. इराण, रवांडा, अमेरिका यांची पानं भरताना हे पान आधी वाचायचं, मग लेखणी उचलायची. दुसऱ्यांच्या बाबतीत घाईने न्याय करायची सवय त्याने मोडते.

रोजची बातमी आली की

पेटलेल्या बोटीचा व्हिडिओ आला, तर पुढे पाठवू नका. फेब्रुवारीत आमच्या ग्रुपवर असाच एक फिरला. "ही आपल्या पोरांची बोट" असं खाली लिहिलेलं. एका आईला चक्कर आली. धाकट्याने बघितलं आणि सांगितलं, बोटीचा प्रकारच वेगळा आहे, ती कंटेनरची आहे. जुना, भलत्याच अपघाताचा निघाला. बोटीचं नाव, तारीख आणि नौदलाचं किंवा जहाजमालकाचं निवेदन, हे तीन हातात येईपर्यंत वहीत ओळ लिहायची नाही.

चाचे आणि बंडखोर वेगळे ठेवा. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' या बोटीवरचे ३५ सोमाली चाचे पकडून मुंबईत आणले आणि पोलिसांच्या ताब्यात दिले, तेव्हा आमच्याकडे सगळे म्हणाले, हुती पकडले. चाच्यांना खंडणी हवी असते, माणसं जिवंत ठेवण्यात त्यांचा फायदा असतो. हुतींना जगाला ऐकू जाईल असा धमाका हवा होता. घरच्यांनी कशाची काळजी करायची हे यावरून ठरतं.

गट म्हणतो, आम्ही अमक्याच देशाच्या बोटी मारतो. त्यावर विसंबू नका. ६ मार्च २०२४ ला 'ट्रू कॉन्फिडन्स' बोटीवर तिघे खलाशी मेले. हुतींनी तिला अमेरिकी म्हटलं, मालकांच्या बाजूने सांगण्यात आलं की अमेरिकेशी आता तिचा संबंध नाही. म्हणून पोरगा जॉइन होण्याआधी बोटीचा मालक कोण, आधी कोण होता, झेंडा कुठला, हे विचारून लिहून ठेवा. मार्ग तांबड्या समुद्रातून आहे का, आणि असेल तर त्या पट्ट्यात जायला नकार देण्याचा हक्क करारात आहे का, हेही सही करण्यापूर्वी विचारा. युनियनच्या अनेक करारांत तो असतो. नकार दिला तर घरी पाठवायचा खर्च कुणाचा, हे लेखी घ्या. आमच्या मुलाची बोट शेवटी आफ्रिकेला वळसा घालून गेली. घरी यायला उशीर झाला, पण मला त्या उशिराचं काहीच वाटलं नाही.

आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, मी वही उघडते. रोज नाही. रोज उघडली तर झोप जाते, हे पहिल्या महिन्यात कळलं.

परवा शेजारच्या वहिनींची मुलगी आली. तिचा भाऊ पोर्ट सुदानला जाणाऱ्या बोटीवर जॉइन होतोय. तिला मी सुदानचं कोरं पान काढून दिलं. जन्माच्या रकान्यात तिने शाईने लिहिलं: आरएसएफ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस, निमलष्करी दल), दारफूरच्या जंजावीद टोळ्यांतून, २०१३ मध्ये सरकारच्याच हातून, एप्रिल २०२३ पासून त्याच सरकारच्या लष्कराशी युद्ध. मुसळाच्या रकान्यात पेन्सिलने 'अमिराती' लिहिलं, थोडं थांबून पुढे 'नाकारतात' असं जोडलं. नकाशा राहिला. ट्रेसिंग पेपर संपला होता, तो आणायला ती खाली गेली.